बाबांना लिंबाजीकाकांकडे चालत जायचं होतं

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला आणि बाबांनी बॅग भरली. मी शाळेत शिकवून घरी आले तेव्हा बॅग दाराशी होती आणि बाबा बूट घालून खुर्चीत बसले होते.

"मला बदनापूरला सोड," ते म्हणाले. "आता तिकडंच राहतो."

बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे ठीक, ऐकू जरा कमी येतं. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि मी त्यांना बदनापूरच्या घरातून नाशिकला माझ्याकडे आणलं. इथे त्यांना काही कमी नाही. औषधं वेळेवर, टीव्ही, खिडकीत ऊन. पण सकाळी उठून कुणाकडे जावं असं एकही घर त्यांना या शहरात नाही, हे मला कळत होतं आणि मी त्याकडे काणाडोळा करत होते.

शेवटी आमचा सौदा झाला. चार दिवस दोघांनी जायचं. बाबा तिथे एकटे राहू शकतात का ते बघायचं. जमलं तर मी त्यांना ठेवून परत येईन.

या ब्लॉगवर मला बरेच जण विचारतात, निवृत्तीनंतर गावाकडे परत जावं का, कसं जावं. त्यांच्यासाठी रस्ते, जेवणखाण, खर्च असं सगळं सांगते. पण आधीच सांगून ठेवते, हे वाचून कुणाला लगेच निघावंसं वाटेल, असं मला वाटत नाही.

दिवस पहिला: नाशिक ते बदनापूर

सिन्नरजवळून नवा वेगवान महामार्ग लागतो, त्याने वेळ पुष्कळ वाचतो. पण त्यावर मनात आलं म्हणून गाडी थांबवता येत नाही, आणि बाबांना थांबायचं असतं. म्हणून आम्ही येवला-वैजापूरचा जुना रस्ता धरला. येवल्यापर्यंत कांद्याच्या ट्रॅक्टरांमागून रांगत जावं लागतं, पुढे रस्ता चांगला आहे. वैजापूर ओलांडल्यावर एका ढाब्यावर शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी खाल्ली. दोघांचं पोटभर जेवण तीनशेच्या आत. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा, विचारल्याशिवाय कमी करत नाहीत.

छत्रपती संभाजीनगर मागे पडलं आणि जालन्याच्या दिशेने निघालो, तिथून बाबा खिडकीला चिकटले. पूर्वी करमाड सोडलं की दोन्ही बाजूंना शेतं लागायची आणि बदनापूर येईपर्यंत डोळ्यांना अडथळा नसायचा. आता शहर कुठे संपलं ते कळत नाही. मैलभर गोदामं, मग कापूस, मग कापसाच्या मधोमध एक सिमेंटची कमान. कमानीतून आत गेलेला मुरमाचा सरळ रस्ता, दोन्ही कडांना पांढरे-पिवळे दगड, विजेचे चार खांब, आणि घर एकही नाही. त्याच्यापुढे परत कापूस, परत कमान. बाबा पाट्या मोठ्याने वाचत होते, शाळेत हजेरी घ्यावी तसे.

"समद्यांना नावं बागांची दिलीत," ते म्हणाले. "झाड एकात न्हाई."

मी भूगोल शिकवते. 'रस्त्यांचे जाळे' हा शब्द माझ्या तोंडात दिवसातून दहादा येतो. इथे मला जाळं दिसेना. कंगवा दिसत होता. महामार्ग म्हणजे कंगव्याची पाठ आणि प्रत्येक प्लॉटिंग म्हणजे एक दात. शेजारच्या शेजारी दोन दात, पण एकातून दुसऱ्यात जायचं तर पाठीवर यावंच लागणार. कारण साधं आहे. एका शेतकऱ्याचं शेत विकलं गेलं, त्याचा नकाशा झाला, रस्ता त्याच्या बांधापर्यंत नेऊन सोडला. शेजारचं शेत पाच-सात वर्षांनी विकलं गेलं, घेणारा दुसरा, नकाशा दुसरा, त्याचाही रस्ता बांधापर्यंत. दोन्ही रस्ते एकमेकांकडे तोंड करून उभे राहतात आणि मधला बांध तेवढा कुणाचाच नसतो.

आमचं घरही अशाच एका जुन्या प्लॉटिंगमध्ये आहे. मी आठवीत असताना बाबांनी ते बांधलं. तेव्हा तिथे चारच घरं होती, सगळी आमच्यासारख्या बौद्ध कुटुंबांची. कुणी शिक्षक, कुणी पोस्टात, कुणी रेल्वेत. गावात जागा मिळायला अडचण होती, का ते लिहायला नको. प्लॉटिंगवाल्याने मात्र जात विचारली नाही. आई सांगायची, पहिल्या रात्री ती नव्या घरात उगाच जागी राहिली होती, कुणी येऊन उठवेल की काय म्हणून.

घरामागे लिंबाजीकाकांचं शेत होतं. त्याच्या पलीकडे स्टेशन. बाबांची शाळा जालन्याच्या बाजूला, सकाळच्या गाडीने जायचं. स्टेशनला जायला मोठ्या रस्त्याने लांबचा वळसा पडायचा. घर बांधलं त्याच वर्षी एका सकाळी लिंबाजीकाकांनी बाबांना वळसा घालून जाताना पाहिलं आणि शेतातून हाक मारली, "गुरुजी, वळसा कामून घालता? बांधावरून जा ना बिनधास्त!"

बाबा पुढची वीस-बावीस वर्षं त्या बांधावरून गेले. जाता-येता गप्पा, त्यातून दोस्ती. आमच्या घरातला चहा तेव्हा गावातले मोजकेच लोक पीत. लिंबाजीकाका पायरीवर बसून दोन कप प्यायचे. आईने धपाटे केले की मी बांधावरून पळत जाऊन देऊन यायची, आणि ते गरम असतानाच काकूंच्या हातात पडायचे.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. शेजारच्या कमलमावशींकडे किल्ली असते. त्यांनी घर झाडून, पाणी भरून ठेवलं होतं. बाबा "जय भीम" म्हणत आत गेले, आणि बॅग न ठेवता थेट मागच्या दाराने बाहेर पडले. पाठोपाठ मी गेले.

परसाच्या टोकाला भिंत उभी होती. आमच्या डोक्यापेक्षा बरीच उंच, वर काचा नव्हत्या, काटेरी तारेची गुंडाळी होती. मी बाबांना नाशिकला नेलं तेव्हा तिथे नुसतं कुंपण होतं, आणि त्यात माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट.

"गुढीपाडव्याच्या सुमाराला बांधली," कमलमावशी म्हणाल्या. "आम्ही बोललो त्या प्लॉटिंगवाल्यांना, वाट तर ठेवा. ते म्हणले नकाशात वाट न्हाई."

बाबांनी भिंतीवर तळवा ठेवला. गरम होती बहुतेक, लगेच काढून घेतला.

"लिंबाजी कुठं राहतो आता?"

"इथंच की, गुरुजी. भिंतीपल्याड. त्यांच्या पोरानं शेत दिलं आन् बदल्यात एक घर घेतलं त्यात. तुमच्या मोरीचं पाणी पडलं तर त्यांना ऐकू जाईल, इतकं जवळ."

दिवस दुसरा: बदनापूर

सकाळी उठले तर बाबा घरात नव्हते. कमलमावशींनी पहाटेच धपाटे आणून दिले होते, तो डबाही नव्हता.

मी चप्पल अडकवली आणि मोठ्या रस्त्याकडे पळाले, कारण आमच्या गल्लीतून बाहेर पडायला तेवढा एकच रस्ता आहे. महामार्ग चौपदरी झाल्यापासून मध्ये डिव्हायडर आहे. पूर्वी आमच्या गल्लीसमोर तो ओलांडायला कट होता, तो अपघातांमुळे बंद केला. आमच्या बाजूने कडेकडेने सरळ जावं, तर मध्ये खोल नाला आहे आणि त्यावर पायी जायला जागा नाही. म्हणून आता आधी पलीकडे जायचं, त्यासाठी पुढच्या पुलाखालून वळून यायचं, आणि लिंबाजीकाकांच्या त्या 'सिटी'ची कमान (पूर्ण नाव लिहीत नाही, त्यात 'सिटी' आहे एवढं पुरे) गाठायला पुन्हा याच बाजूला यायचं, सर्व्हिस रोडने. फोनवरच्या नकाशात आमचं घर आणि त्यांचं घर एकमेकांना चिकटलेलं दिसतं. त्याच नकाशाला 'चालत' विचारलं तर तो पाऊण तासाची वाट दाखवतो.

बाबा डिव्हायडरवर उभे होते.

त्यांनी अर्धा रस्ता ओलांडला होता आणि पुढे जाता येत नव्हतं. मागेही येता येत नव्हतं. त्या अरुंद कठड्यावर कण्हेरीच्या झुडपाला धरून ते उभे होते. दुसऱ्या हातात डबा. जालन्याकडून सळया भरलेले ट्रक येत होते आणि प्रत्येक ट्रक गेला की त्यांचा सदरा अंगाला चिकटायचा. मी ओरडले, "बाबा, हलू नका!" त्यांना ऐकू गेलं नाही. पण त्यांनी मला पाहिलं आणि हात वर केला, शाळेत उशिरा आलेल्या मुलाला आत बोलवावं तसा शांतपणे.

एका दुधाच्या गाडीवाल्याने आपली गाडी आडवी लावून मागची रहदारी थांबवली, तेव्हा मी त्यांच्यापर्यंत पोचले.

"आजोबा, मरायचं का?" तो दूधवाला चिडून म्हणाला.

"न्हाई बाबा," बाबा म्हणाले. "दोस्ताकडं चाललो होतो."

घरी येऊन ते पाणी प्यायले. मी डबा पुसून ओट्यावर ठेवला. बोलायला घेतलं असतं तर ओरडलेच असते.

नंतर गाडीने गेलो. कमानीपाशी वॉचमनने नाव, घर क्रमांक, कामाचं कारण विचारलं. बाबांना कारण सांगता येईना. "भेटायला" हे कारण त्याला चालेना, तो म्हणाला, "तसं न्हाई साहेब, फॅमिली का सर्व्हिस?" मी 'फॅमिली' म्हणून टाकलं.

आतले रस्ते गुळगुळीत आहेत. वळणं घेत जातात आणि प्रत्येकाच्या शेवटी गाडी फिरवायला गोल जागा. दोनदा चुकलो. लिंबाजीकाका दारातच उभे होते. खूप वाळलेत. बाबांना पाहून त्यांनी आधी टोपी काढली, परत घातली, मग दोन्ही हात धरले.

"गुरुजी! कवा आल्ते?"

"काल."

"आन् मला आवाज न्हाई दिला? मी गच्चीत असतो की समदा दिवस. तुमच्या घराची निळी टाकी दिसते मला."

घरात गुळगुळीत फरशी, मोठा सोफा. काका सोफ्याच्या अगदी कडेला बसले, पाहुण्यासारखे. सूनबाईंनी चहा दिला. काकू मागच्या वर्षी गेल्या, हे आम्हाला फोनवर कळलं होतं. त्या विषयावर दोघे म्हातारे फार बोलले नाहीत. काका बाबांना हाताला धरून गच्चीत घेऊन गेले.

"ते लॉन दिसतं का गुरुजी? तिथं विहीर होती आपली. बुजवली. आन् ती झोक्याची जागा, तिथं गोठा. चिंच तोडली तर मी जेवलो न्हाई दोन दिवस. पोरगं म्हणलं, बापू, चिंचेनं पोट भरतं का? बराबर आहे त्याचं पण."

"बांध?" बाबांनी विचारलं.

काकांनी खाली बोट दाखवलं. "ही भिंत बांधावरच उभी आहे."

गच्चीच्या त्या कोपऱ्यातून आमचं परस दिसत होतं. दोरीवर मी वाळत घातलेला बाबांचा टॉवेल दिसत होता. दगड टाकला असता तर त्याच्यावर जाऊन पडला असता.

धपाटे गार झाले होते. काकांनी ते तसेच खाल्ले, चटणीशिवाय, उभ्याउभ्या.

दिवस तिसरा: अंबड, वडीगोद्री आणि आमचं गाव

बाबांना आपलं जन्मगाव बघायचं होतं. ते कुंभार पिंपळगावच्या पुढे, आत आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते शेकडो गावांचं आहे आणि एकाच गावाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

सरळ रस्ता अंबडवरून घनसावंगीमार्गे आहे. पण बाबांची पहिली नोकरी वडीगोद्रीच्या बाजूला होती म्हणून वाकडी वाट केली. अंबडच्या अलीकडे रस्त्यावर मोसंबी स्वस्त आणि चांगली मिळते, सोलून खाऊन बघूनच घ्या. वडीगोद्रीला महामार्गाच्या कडेला चहा घेतला. हॉटेल चालवणाऱ्या बाईंनी सांगितलं, रस्ता मोठा झाल्यापासून फक्त त्यांच्याच बाजूने जाणाऱ्या गाड्या थांबतात. "पल्याडची गाडी हॉर्न वाजवते, हात करते, आन् निघून जाते. जुनी गिऱ्हाइकं आहेत, ओळखतात. पण वळून कोण येतंय?" चहा मात्र पक्का होता, आलं भरपूर.

तिथून आतल्या रस्त्याने ऊसच ऊस. रस्ता काही ठिकाणी अगदी वाईट आहे, लहान गाडी असेल तर सांभाळून. कुंभार पिंपळगावात पेट्रोल भरून घ्यावं, पुढे भरवसा नाही.

आता बाबांच्या गावाबद्दल. त्यांच्या लहानपणी वस्ती गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडे होती. शाळा गावात, चावडीपाशी. वस्तीतून शाळेत जायचा सरळ रस्ता गावातल्या मोठ्या गल्लीतून होता आणि त्या गल्लीतून वस्तीतल्या पोरांनी जायचं नसे. ती ओढ्याच्या काठाकाठाने, गावाला पूर्ण वळसा घालून शाळेच्या मागच्या बाजूला निघायची. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की शाळा बंद. बाबांनी हे मला लहानपणी कधी सांगितलं नव्हतं. आई सांगायची, तेही ते घरात नसताना.

आम्ही गावात शिरलो तर मोठी गल्ली सिमेंटची झालेली. गाडी तिच्यातून सरळ पुढे गेली, ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, आणि वस्तीत विहारासमोर जाऊन थांबली. कुणी अडवलं नाही. ओट्यावरच्या एका बाईने तर "कोणाकडं आलात?" म्हणून वाट दाखवली.

बाबा उतरले आणि मला म्हणाले, "तू थांब इथं." आणि पुलावरून मागे, त्या गल्लीतून चावडीपर्यंत चालत गेले. मी पुलाच्या कठड्यापाशी उभी राहून बघत होते. भर दुपारी, रस्त्याच्या मधोमध, सावलीची बाजू सोडून ते चालले. शाळेपर्यंत गेले, तिथे जरा उभे राहिले आणि आले. चेहरा घामाने निथळत होता.

"एवढुसा आहे गं रस्ता," ते म्हणाले. "विडी पेटवायच्या आत शाळा."

बाबांचे चुलतभाऊ सुखदेवकाका तिथे राहतात. त्यांच्याकडे पिठलं-भाकरी आणि मिरचीचा ठेचा झाला. वस्तीतली निम्मी घरं कुलूपबंद होती. पोरं पुण्याला, वाळूजला, जालन्याच्या कारखान्यांत.

"रस्ता आला तवा वाटलं आता पोरं येतील-जातील," सुखदेवकाका म्हणाले. "गेली समदी ह्याच रस्त्यानं. येनं दिवाळीपुरतं."

पण बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. परतीच्या वाटेवर ते कितीतरी दिवसांनी बडबडत होते. जी गल्ली त्यांना आयुष्यभर बंद होती ती उघडली. मग बदनापूरची भिंत काय मोठी? ती तर कालपरवाची. शिकलेले लोक राहतात तिथे. एक लहान दरवाजा, सकाळ-संध्याकाळ उघडायचा, किल्ली त्यांच्याचपाशी राहू दे. लिंबाजीच्या मुलालाच, योगेशला, आपण लिहायला-वाचायला शिकवलं. तो आता तिथल्या सोसायटीच्या कमिटीत आहे. उद्या रविवार, सगळे घरी असतील.

"विचारायला काय जातं?" ते मला तीनदा म्हणाले.

मी त्यांना थांबवायला हवं होतं असं आता वाटतं. पण त्यांना इतकं खुशीत मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

दिवस चौथा: बदनापूर

बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. योगेशने आम्हाला त्यांच्या क्लबहाऊसमध्ये बोलावलं होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, आठ-दहा माणसं, बाया तीन. लिंबाजीकाका कोपऱ्यात. आम्हाला पोहे दिले, पुढच्या रांगेत बसवलं. बाबांनी उभं राहून आपलं म्हणणं मांडलं. कमी शब्दांत, स्वच्छ. भिंतीत एक लहान दरवाजा करावा. आमच्या बाजूच्या लोकांना स्टेशन जवळ पडेल, शाळेची मुलं महामार्गावर जाणार नाहीत. या बाजूच्या लोकांनाही आमच्या गल्लीतला दवाखाना, किराणा चालत गाठता येईल. खर्च आमच्या गल्लीतले लोक मिळून करतील.

पोह्यांच्या बश्या खाली ठेवल्या गेल्या. मग चष्मेवाले एक गृहस्थ म्हणाले, "आजोबा, तुमचं बरोबर आहे. पण आम्ही इथे घर घेतलं ते बंद कॅम्पस म्हणूनच घेतलं. सेफ्टी बघून."

"दरवाज्याला कुलूप राहील," बाबा म्हणाले.

"प्रश्न कुलपाचा नाही. तिकडचे लोक यायला लागले की..." ते थांबले.

"तिकडचे म्हणजे?" बाबांनी विचारलं. खरंच विचारलं. आवाजात राग नव्हता.

ते गृहस्थ खिशात रुमाल शोधू लागले. एका बाईने सूनबाईंकडे पाहिलं. योगेश पुढे झाला, बाबांच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"गुरुजी, तुमच्याबद्दल काहीच न्हाई. तुम्ही घरचे. तुम्हाला माझ्या घरी कवाबी बंदी न्हाई. पण दरवाजा केला का मंग समदी वस्ती येणार. उद्या कोणी घरांचा रेट कमी केला तर लोक मला धरतील. तुम्ही समजून घ्या."

"वस्ती," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं झाली योगेश त्या कॉलनीला. तू तिथंच पाढे शिकलास."

योगेशची मान खाली गेली. पण तो 'न्हाई' वरून हलला नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्याला वाईट वाटत होतं, ते खरं होतं. आणि त्याने काही फरक पडत नव्हता.

बाबांनी कोपऱ्यात पाहिलं. लिंबाजीकाका टोपी हातात घेऊन तिची घडी घालत होते, उलगडत होते.

"लिंबाजी, तू बोल. जमीन तुझी."

"माझी कुठं राह्यली गुरुजी." काकांचा आवाज बसला होता. "मला इथं कोन विचारतंय? तुम्ही... तुम्ही गाडीनं येत जा ना. तुम्ही फोन करा, योगेश गाडी पाठवील. जल्दी येऊन जाल."

बाबा हळूच उठले.

"गाडी नको होती रे मला. मला तुझ्याकडं चालत यायचं होतं."

बाहेर पडताना वॉचमनने आम्हाला बाहेर जाण्याची वेळ लिहायला लावली.

घरी येऊन बाबांनी आपली बॅग भरली. कमलमावशींनी भाकरी केली होती, ती आम्ही दोघांनी बळेच खाल्ली. मी म्हणाले, आपण तक्रार करू, अर्ज देऊ, नकाशा मागवू. बाबा म्हणाले, "कर. तू कर." आणि घराला कुलूप लावून किल्ली मावशींना दिली. 'परत येतो' असं निघताना म्हणायची त्यांची सवय आहे. ते म्हणाले नाहीत.

परतीला नवा महामार्ग घेतला. दुपारी निघालो ते रात्रीच्या जेवणाला नाशिकला. कुठे थांबावं लागलं नाही.

घरी

मी अर्ज केला. उत्तर आलं की दोन्ही लेआउट आपापल्या मंजूर नकाशाप्रमाणे आहेत आणि भिंत खासगी जागेत आहे. ते बरोबरही असेल. दोन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर आहेत, बांध कुठल्याच नकाशात नाही. फोनवर उपग्रहाची जुनी छायाचित्रं बघता येतात. मी बदनापूरची बघत गेले. दरवर्षी हिरवं कमी, छपरं जास्त, रस्ते जास्त. आणि शेतांमधून गेलेली एक बारीक पांढरी रेघ, माणसांच्या पायांनी पडलेली, जी एका वर्षीच्या चित्रात आहे आणि पुढच्यात नाही. वर्गात 'रस्त्यांची लांबी वाढली म्हणजे प्रदेश जोडला गेला' हे वाक्य आता माझ्या घशात अडकतं. मुलांना ते परीक्षेत लिहायचं असतं, म्हणून सांगते.

परत जायचा विचार करणाऱ्यांना एवढंच सांगेन. घर शाबूत आहे का ते नंतर बघा. आधी तिथून कुणाकडे पायी जाता येतं का, ते बघून या.

गेल्या महिन्यात योगेशचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, बाबांना ऐकू यावं म्हणून. आधी तब्येतीची चौकशी झाली. बापू आता गच्चीत चढत नाहीत, पाय सुजतात, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, सोसायटीला मागच्या बाजूने दुसरा रस्ता हवाय. आग लागली, काही झालं, तर गाड्या बाहेर काढायला. नियमात बसवायचं आहे. त्यासाठी सगळ्यात सोयीचा प्लॉट तुमचा पडतो. घर पाडून तिथून रस्ता काढता येईल. गुरुजी म्हणतील तो भाव द्यायला कमिटी तयार आहे.

बाबा फोनकडे झुकले.

"रस्ता होईल तिथं?"

"हो गुरुजी, चांगला रुंद."

"मंग आमच्या गल्लीतल्या लोकांना जाता येईल त्यातून? स्टेशनला?"

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"न्हाई गुरुजी. गेट राहील त्याला. इमर्जन्सीपुरतंच उघडायचं."

बाबांनी "बरं" म्हटलं. लिंबाजीला जप म्हटलं, पायाला कोमट तेल लाव म्हटलं. फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसले.

घर त्यांच्या नावावर आहे तोवर ते देणार नाहीत, हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांच्यानंतर ते माझ्या नावावर होईल. आम्ही कुणी तिथे राहायला जाणार नाही, आणि कुलूपबंद घर कितीही दिवस तसंच ठेवता येत नाही. तेव्हा मी काय करीन, हे त्यांनी मला विचारलं नाही.